मामांची बारा पावलं

तीर्थरूप मामांना भाच्याचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समजून घ्या. सध्या माझी जांघ आखडली आहे, वाकता येत नाही. ती का आखडली ते पुढे येईलच.)

तब्येत कशी आहे असं विचारायची पद्धत आहे म्हणून विचारतो, पण उत्तर मला ताईकडून आधीच कळलंय. खुब्याचं ऑपरेशन छान झालं, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले की रोज फाटकापर्यंत चाला, आणि तुम्ही चालता पलंगापासून खुर्चीपर्यंत, तेही सगळा भार ताईच्या खांद्यावर टाकून. त्यात मावशीने तुमच्या कानावर घातलं की भाच्याने गावातले सगळे व्हॉल्व्ह लोकांच्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवले आणि आता त्याला सस्पेंड करणार आहेत. झालं! 'माझ्या पायातलं बळच गेलं' असं जाहीर करून तुम्ही खुर्चीत बसलात ते बसलातच. ताईने काठी पुढे केली की म्हणता, आधी त्या पोराचं काय होतंय ते कळू दे. (पोराला पंचावन्नावं लागलं, मामा.) तर कळवतो. नोकरी आहे. सस्पेंड केलेलं नाही. पाणी खात्यात तुमच्या शब्दावर मला घेतलं होतं, त्या शब्दालाही धक्का लागलेला नाही. तेव्हा उठायला हरकत नाही. पण आधी सगळं ऐकून घ्या, कारण मावशीने सांगितलं ते खोटं नव्हतं.

फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. पत्राला मध्येच तोडता येत नाही. तुमच्या डोळ्यांमुळे ताईच वाचून दाखवणार हे माहीत आहे. ताई, कंसातलंही वाच गं. मागच्या वेळी कंस गाळलेस आणि मामांचा समज झाला की भिंत मी पाडली. भिंत शेजाऱ्याने पाडली होती.

त्याचं असं झालं. वर्षाच्या सुरुवातीला मोठ्या ऑफिसातून एक मॅडम आल्या. वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण नकाशाच्या कामात एकदम पक्क्या. त्यांनी आम्हा फिटर लोकांना एकेक मोबाइल दिला आणि सांगितलं की गावातले तीनशे सत्याऐंशी व्हॉल्व्ह तुम्हा लोकांच्या डोक्यात आहेत, ती डोकी रिटायर होऊन घरी जायच्या आत व्हॉल्व्ह नकाशात यायला हवेत. मग समजावलं की मोबाइलमधला नकाशा म्हणजे एकावर एक ठेवलेले पातळ कागद. सगळ्यात वरचा कागद आपला, त्यावर व्हॉल्व्हचे ठिपके टाकायचे. सगळ्यात खाली असतं ते बॅकग्राउंड, म्हणजे आपण कुठे आहोत ते समजावं म्हणून ठेवलेलं चित्र. ते बदलता येतं. एक आहे आकाशातून काढलेला फोटो, दुसरं नुसत्या रस्त्यांच्या रेघा, आणि तिसरं म्हणजे काहीच नाही, पांढरं. शेवटी त्या म्हणाल्या, "काका, एवढं एकच लक्षात ठेवा. बॅकग्राउंड बघायला आहे, विश्वास ठेवायला नाही." मी जोरात मान हलवली. साहेब लोक बोलत असले की मान हलवत राहायची, म्हणजे लवकर संपतं, हे तुम्हीच शिकवलंत. तेव्हा पुढच्या प्रकरणात थोडा वाटा तुमचाही आहे.

मी फोटो निवडला. का, तर त्यात आमचं घर दिसत होतं. गच्ची दिसत होती, गच्चीवर दोरी, दोरीवर वाळत घातलेली निळी चादर! मी धावत जाऊन हिला दाखवलं. ही म्हणाली, ती चादर फाटून चार वर्षं झाली, तिची पायपुसणी केली, त्यावरच उभे आहात तुम्ही. आता शहाण्या माणसाला तेवढ्यावरून कळलं असतं की हा फोटो आजचा नाही. मला फक्त एवढंच वाटलं की चादर चांगली होती, उगाच फाडली.

दुसऱ्या दिवशी बेकरीच्या गल्लीत गेलो तर व्हॉल्व्हच्या बरोबर वर लाल टेम्पो उभा. मोबाइलमध्ये हो. आता टेम्पो निघाल्याशिवाय ठिपका कुठे टाकणार? मी कडेला थांबलो. दहा मिनिटं झाली, वीस झाली, टेम्पो हलेना. शेवटी बेकरीवाला बाहेर आला आणि विचारलं की कोणाची वाट बघताय. म्हटलं, हा टेम्पोवाला कधी येणार? बेकरीवाल्याने गल्लीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मला आत बोलावून पंख्याखाली बसवलं. गल्लीत एक सायकलसुद्धा नव्हती, मामा. अर्धा तास मी रिकाम्या रस्त्यावर टेम्पो जायची वाट बघत होतो. (हे मी हिला सांगितलेलं नाही. ताई, तूही सांगू नकोस.)

पण खरा घोळ त्यानंतर झाला. मोबाइलमध्ये एक निळा ठिपका असतो, तो म्हणजे आपण. आपण चाललो की तोही चालतो. तर मी व्हॉल्व्हच्या झाकणावर दोन्ही पाय रोवून उभा, आणि निळा ठिपका कुठे? बेकरीच्या पत्र्यावर! आता मी पत्र्यावर नाही, हे मला मोबाइलपेक्षा जास्त कळतं की नाही? फोटोत रस्ता स्वच्छ दिसतोय, मी रस्त्यावर आहे, मग व्हॉल्व्ह रस्त्यावरच दिसायला हवा. म्हणून मी व्हॉल्व्हचा ठिपका बोटाने ओढला आणि फोटोतल्या रस्त्याच्या मधोमध नेऊन बसवला. पुढच्या व्हॉल्व्हला तेच. निळा ठिपका आपला प्रत्येक ठिकाणी कोणाच्या तरी छपरावर जाऊन बसतोय, आणि मी प्रत्येक वेळी त्याची चूक सुधारतोय. दोन महिने उन्हातान्हात फिरून मी तीनशे सेहेचाळीस व्हॉल्व्ह असे 'सुधारून' टाकले. राहिले एक्केचाळीस, ते रस्तेवाल्यांनी डांबराखाली गाडून ठेवल्यामुळे सापडतच नव्हते. ऑफिसात सगळ्यांसमोर मॅडमनी माझं कौतुक केलं. म्हणाल्या, इतकं नीटनेटकं काम कोणाचंच नाही. छाती अशी फुगली म्हणून सांगू! घरी येऊन मी दोन दिवस हिच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलत होतो.

आणि चुकला होता तो फोटो. निळा ठिपका बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता. तो फोटो कोणीतरी नकाशात बसवतानाच अकरा मीटर सरकवून बसवला होता. सबंध गाव अकरा मीटर बाजूला! मी फोटोवर विश्वास ठेवून एकूण एक व्हॉल्व्ह अकरा मीटर ओढला, आणि मोठ्या ऑफिसात त्यांनी फोटो काढून खाली रस्त्यांच्या रेघा लावल्या, तेव्हा माझे सगळे व्हॉल्व्ह रस्ता सोडून ओळीने लोकांच्या घरात शिरलेले. बरं, तिथे माणसाने बघितलं असतं तर निभावलं असतं. पण तिथे आता नोटिसा कॉम्प्युटर काढतो. त्याला दिसलं की खात्याच्या व्हॉल्व्हवर लोकांनी घरं बांधली आहेत. त्याने एका दुपारी दोनशे बारा नोटिसा छापल्या. 'आपल्या राहत्या जागेत खात्याचा व्हॉल्व्ह असून सात दिवसांत फरशी काढून तो मोकळा करून द्यावा.' आणि प्रत्येक नोटिशीच्या खाली, स्थळपाहणी करणारा म्हणून माझं नाव.

मामा, त्या आठवड्यात मी गल्लीबोळांतून मान खाली घालून हिंडत होतो. न्हाव्याला नोटीस आली की व्हॉल्व्ह त्याच्या खुर्चीखाली आहे. त्याने माझी अर्धी दाढी केली आणि उरलेली अर्धी करायच्या आधी वस्तरा हातात ठेवून त्याबद्दल विचारलं. एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंनी नोटिशीतल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून, दहापैकी तीन मार्क देऊन ती परत पाठवली. तिसऱ्या गल्लीतले एक आजोबा तर खूश झाले, त्यांना वाटलं आता घरातच व्हॉल्व्ह म्हणजे पाणी भरपूर. आणि दोनशे बारापैकी एक नोटीस कोणाला जावी? माझ्या सासूबाईंना! त्यांच्या न्हाणीघरात व्हॉल्व्ह, आणि खाली नाव जावयाचं. सासूबाईंनी हिला बोलावून शांतपणे एवढंच विचारलं की जावई माझ्या न्हाणीघराची स्थळपाहणी करून गेले ती कधी, आणि मी तेव्हा कुठे होते? त्यानंतर घरात माझ्याशी कोणीच बोलेना. आमचा पोपटसुद्धा पाठ करून बसायला लागला.

मग यायची ती आली, कारणे दाखवा नोटीस. आपणास निलंबित का करू नये याचा खुलासा तीन दिवसांत द्यावा. ती हातात पडली तेव्हा मला पहिली आठवण झाली तुमची. बत्तीस वर्षांपूर्वी तुम्ही जुन्या साहेबांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला होतात, "पोरगा बुटका आहे, पण पाऊल चुकायचं नाही." नोकरी गेली असती तर पोटाला काहीतरी मिळालं असतं, दुरुस्तीची खासगी कामं कमी नाहीत. पण तुम्ही तिकडे खुर्चीत बसून मान खाली घालणार, हे मला सोसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात खुलासा लिहीत बसलो होतो. ('सविनय सादर' एवढं लिहून झालं होतं.) तेवढ्यात निरोप आला की टपाल पेटीच्या चौकात मोठी लाइन फुटली, रस्ताभर पाणी, आणि छापखान्याच्या तळघरात शिरतंय, तिथे वर्षभराच्या कामाचा कागद. मी पोचलो तर सकाळच्या पाळीचे फिटर आधीच आलेले. त्यांच्या हातात मोबाइल, मोबाइलमध्ये माझा नकाशा, आणि माझ्या नकाशात मोठा व्हॉल्व्ह दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. ते सरळ आत गेले होते. पेशंट तोंड उघडं टाकून खुर्चीत, डॉक्टर हातात चिमटा घेऊन भिंतीला टेकलेले, आणि आमची माणसं बाकडी सरकवून फरशीवर पहार मारायच्या बेतात! मी ओरडलो, "थांबा! व्हॉल्व्ह इथे नाही, रस्त्यात आहे!" सगळे म्हणाले, रस्त्यात कुठे? आणि तेच मला सांगता येईना. मी ठिपका टाकला तेव्हा झाकण उघडं होतं, पण मधल्या काळात रस्तेवाल्यांनी वरून नवंकोरं डांबर ओतलं होतं. रस्ता हा एवढा रुंद, वर घोटाभर पाणी. छापखान्याचे मालक दारात उभे राहून माझ्या नावाने शंख करतायत.

मी मोबाइलकडे बघितलं. फोटोत चौक कोरडा ठणठणीत, लोक छत्र्या घेऊन मजेत चाललेले. मला एकदम संताप आला त्या फोटोचा. मी बॅकग्राउंड काढून टाकलं, 'काहीच नाही' लावलं. पांढऱ्यावर नुसते माझे ठिपके उरले. आणि काय सांगू मामा, खाली बघण्यासारखं काही नसल्यामुळे मी नाइलाजाने मान वर केली, तर समोर रस्ता होता. कोपऱ्यावर टपाल पेटी होती, तुमच्या वेळची. दोन महिन्यांत मी तिच्याकडे एकदासुद्धा बघितलं नव्हतं. तेव्हा मला तुम्ही रिटायर होताना दिलेली तुमची वही आठवली.

वही डब्याच्या पिशवीत होती, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. कोणाला दाखवू नकोस असं तुम्ही म्हणाला होतात म्हणून चौदा वर्षं दाखवली नाही. पान उघडलं. 'मोठा व्हॉल्व्ह. टपाल पेटीला पाठ. नाक दवाखान्याच्या पायरीकडे. बारा पावलं. डावीकडे तीन.' मी पेटीला पाठ लावली, बारा पावलं मोजली, डावीकडे तीन, पहार मारली. ठप्प. नुसतं डांबर. पुन्हा मोजलं. ठप्प. लोक हसायला लागले. आणि मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. पावलं तुमची होती! शिकाऊ असताना मी तुमच्या मागून चालायचो तेव्हा तुमच्या दोन पावलांना मला तीन टाकावी लागायची. तुमची उंची म्हणजे काय, खात्यात तुम्हाला सगळे जिराफसाहेब म्हणायचे. (ताई, हा एवढा कंस आणि मागचं वाक्य गाळ.)

मग मी तुमच्यासारखा चाललो. मान वर, हात पाठीमागे, आणि प्रत्येक पाऊल ताणून, गुडघा न वाकवता, जितका पाय जाईल तितका टाकत. सगळा चौक बघतोय. दंतवैद्य बघतायत, त्यांचा पेशंट गालाला बोळा लावून खिडकीत. नवव्या पावलाला जांघेत काहीतरी कट्‌कन झालं, पण मी थांबलो नाही. बारा. डावीकडे तीन. पहार मारली आणि ठण्ण! लोखंडाचा आवाज. मामा, इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नाही. डांबर फोडलं, झाकण काढलं, चावी लावली, छत्तीस आटे फिरवले, आणि पाणी बसलं. मी तिथेच, त्या चिखलात फतकल मारून बसलो आणि रडलो. लाज नाही वाटली. इतकं मोकळं वाटलं की छापखान्याचे मालक अजून शिव्या देत होते त्यासुद्धा आशीर्वादासारख्या वाटत होत्या.

पुढचं भराभर झालं. मॅडम धावत आल्या, पांढऱ्या बॅकग्राउंडवरचे माझे ठिपके बघितले आणि म्हणाल्या की सगळे एकाच बाजूला, एकाच अंतराने सरकलेत. म्हणजे काकांनी चूक केली, पण इतकी मन लावून केली की तीनशे सेहेचाळीस वेळा एकसारखीच केली. त्यांनी सगळे ठिपके एकदम निवडले आणि अकरा मीटर मागे ओढले. माझ्या डोळ्यांदेखत सगळे व्हॉल्व्ह न्हाणीघरांतून, दुकानांतून, स्वयंपाकघरांतून गुपचूप निघून रस्त्यावर येऊन उभे राहिले. एकदोघांचा पाय अजून फुटपाथवर आहे, त्यांनाही आणू. नोटिसा रद्द झाल्या. साहेबांनी मला बोलावून कारणे दाखवा मागे घेतली, फक्त तिची झेरॉक्स स्वतःकडे ठेवली. सासूबाई मात्र नाराज आहेत. सरकारी व्हॉल्व्ह आपल्याकडे आहे म्हणून त्यांनी चार बायकांना न्हाणीघर दाखवून झालं होतं.

आणि एक गोष्ट, रागावू नका. वही मी मॅडमना दाखवली. मधल्या पानावर तुम्ही हाताने काढलेला गावाचा नकाशा आहे ना, तो त्यांनी स्कॅन करून मोबाइलमध्ये घातला. आता बॅकग्राउंड निवडायला गेलं की फोटो, रेघा आणि पांढऱ्याच्या खाली चौथं तुमचं अक्षर येतं. सगळ्या गावाचे व्हॉल्व्ह आता तुमच्या अक्षरावर उभे आहेत. 'इथे कुत्रा चावरा' हेसुद्धा आहे. तुम्ही चहाचा पेला ठेवला होतात त्याचा डाग टपाल कचेरीजवळ गोल तळ्यासारखा दिसतो. मी म्हटलं, पुसता येईल का? मॅडम म्हणाल्या, राहू दे, बॅकग्राउंड बघायलाच असतं. कुत्र्याचं मात्र मी खरं मानतो आणि त्या गल्लीत अजून जपून जातो.

तर अशी सगळी हकीकत. जिवावरचं टळलं. ताईला नमस्कार, तिच्या मुलीला पापा, आणि तुमच्या पायांना (दोन्ही) माझा वेगळा नमस्कार.

तुमचाच,
बुटका

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. ते डांबराखालचे एक्केचाळीस व्हॉल्व्ह आता फक्त तुमच्या वहीत आहेत, आणि वहीत सगळं अंतर तुमच्या पावलांत. माझी जांघ पुन्हा ताणणार नाही. तेव्हा तुमचं एक पाऊल नेमकं किती सेंटिमीटर भरतं ते तातडीने हवंय. अंगणात दहा पावलं सरळ चाला, ताई पट्टीने मोजेल. सुरुवातीला काठी घ्या, पण काठीने पाऊल आखडतं, म्हणून हळूहळू सोडा. आत्ताचं लंगडं पाऊल चालणार नाही, तेव्हाचं हवं. शिवाय एका दिवसाचा आकडा मॅडम घेत नाहीत. त्यांना पंधरा दिवसांची सरासरी लागते, सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी. साहेबही रोज विचारतात, काय झालं त्या पावलांचं. एक्केचाळीस व्हॉल्व्ह अडकलेत, मामा. तुमच्यावरच आहे.

ता. क. दोन. मान वर ठेवून चाला, आणि हात पाठीमागे. नाहीतर आकडा चुकेल.

ता. क. तीन. ताई, हे मोठ्याने वाचू नकोस. लोखंडावर पीं पीं करणारं एक मशीन ऑफिसात आलंय. सोमवारी आम्ही एक्केचाळीसच्या एक्केचाळीस व्हॉल्व्ह शोधून काढले, एकही उरलेला नाही. तरी तू पट्टी काढ, एका कोऱ्या वहीत तारीख घालून आकडे लिही, आणि मला खरोखर कळव, मी वाट बघतोय. पंधरा दिवस झाले की सांग की मॅडमनी आता महिन्याची सरासरी मागितली आहे.